काचबिंदू, चार मायक्रोव्होल्ट आणि घाईचे आश्वासन

‘दृष्टी जाण्याच्या कितीतरी वर्षे आधी काचबिंदू ओळखता येणार’ अशा आशयाची बातमी विज्ञानवृत्तांच्या पानांवर ठरावीक काळाने येतच असते. कधी तिच्यात डोळ्यातील विद्युत्‌प्रतिसाद टिपणारे, हातात मावणारे यंत्र असते. कधी ते प्रतिसाद वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता असते. आणि शेवटच्या परिच्छेदात हे तंत्र लवकरच खेड्यापाड्यांतील नेत्रशिबिरांत पोहोचेल असे आश्वासन असते. बातमीतील विज्ञान बहुधा खरे असते. शेवटचा परिच्छेद मात्र तपासून घ्यावा लागतो. ‘आजार लवकर कळतो’ आणि ‘आजार असलेली माणसे शिबिराच्या रांगेतून वेगळी काढता येतात’ ही दोन विधाने एक नव्हेत. त्यांच्यामधील अंतराचा हिशेब भारतासारख्या देशात तरी उघडपणे मांडला गेला पाहिजे.

भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला. तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि पश्चिम बंगाल येथे झालेल्या लोकसंख्याधारित सर्वेक्षणांतून अशा अंदाजांना आधार मिळतो. त्या सर्वेक्षणांतील खरी अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. ज्यांना आजार आढळला, त्यांतील साधारण दहांपैकी नऊ जणांना तो आपल्याला आहे याची कल्पनाच नव्हती. चेन्नई परिसरातील ग्रामीण भागात तर हे प्रमाण त्याहूनही अधिक निघाले.

या अज्ञानात भाषेचाही थोडा वाटा आहे. मराठीत मोतीबिंदू आणि काचबिंदू, हिंदीत सफेद मोतिया आणि काला मोतिया. नावे अशी सख्ख्या भावंडांसारखी असल्यामुळे दोन्ही आजार एकाच घरचे वाटतात. मोतीबिंदू ‘पिकू द्यावा, मग काढावा’ ही जुनी समजूत घराघरांत मुरलेली आहे. ती आज मोतीबिंदूलाही लागू नाही; पण तेथे वाट पाहिल्याने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. तेथे पिकण्याची वाट पाहणे म्हणजे आंधळेपणाची वाट पाहणे होय.

सरकारी आकडेवारीत हा आजार काहीसा झाकलेला राहतो. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वाच्या कारणांमध्ये मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के आणि काचबिंदूचा ५.५ टक्के नोंदवला गेला. वरवर पाहता दुसरा आकडा किरकोळ वाटतो. परंतु अशा सर्वेक्षणांत मोजली जाते ती दृष्टीची तीक्ष्णता, म्हणजे समोरच्या तक्त्यावरील अक्षर किंवा चिन्ह किती अंतरावरून ओळखता येते ते. काचबिंदू आधी कडेची दृष्टी खातो, मधली शेवटी. नळीतून पाहावे तसे जग पाहणारा, रस्ता ओलांडताना बाजूने येणारी दुचाकी न दिसणारा माणूस तक्त्यावरील अक्षरे नीट ओळखू शकतो आणि त्यामुळे अंधांच्या यादीत येत नाही. तो यादीत येतो तेव्हा करण्यासारखे फारसे उरलेले नसते.

तेव्हा लवकर निदानाची तळमळ योग्यच आहे. आज निदान होते ते चार खुंट्यांवर. डोळ्यातील दाब, दृष्टिचेतेच्या मुखाचे निरीक्षण, फील्ड टेस्ट म्हणून ओळखली जाणारी दृष्टिक्षेत्राची चाचणी, आणि ओसीटी या यंत्राने मोजलेली चेतातंतूंच्या थराची जाडी. यांपैकी दाबावर एकट्यावर विसंबता येत नाही. भारतीय सर्वेक्षणांत सापडलेल्या रुग्णांच्या मोठ्या हिश्श्याचा दाब मोजणीच्या वेळी सामान्य मर्यादेतच होता. फील्ड टेस्टमध्ये रुग्णाला मिणमिणते ठिपके दिसताच बटण दाबावे लागते. थकवा, गोंधळ, घाई हे सगळे त्यात मिसळते, आणि चाचणीत निःसंशय दोष उमटेपर्यंत दृष्टिपटलातील पाव ते एक तृतीयांश गँग्लिऑन पेशी नष्ट झालेल्या असू शकतात. ओसीटी वस्तुनिष्ठ आहे, पण ती मोजते जाडी. पेशी मेल्यावर तिचा तंतू नाहीसा होतो आणि मग थर पातळ होतो. घर पडल्यावर भिंतीची मोजणी करावी, तसा हा प्रकार.

पेशी मरण्याआधी आजारी पडते, आणि आजारी पेशीची वीज मंदावते. दृष्टिपटलाचे विद्युत्‌मापन हे या एका साध्या तर्कावर उभे आहे.

डोळा ही एक बारीकशी विजेरी आहे, ही गोष्ट नवी नाही. डोळ्याच्या पुढच्या व मागच्या भागांत विद्युत्‌दाबाचा कायमचा फरक असतो, हे एमिल द्यू बुवा-रेमों याने १८४९ साली दाखवले. प्रकाश पडल्यावर हा दाब बदलतो, हे स्वीडनमधील होल्मग्रेन याला १८६५ साली बेडकाच्या डोळ्यात आढळले. माणसाच्या डोळ्यातून अशी पहिली नोंद १८७७ साली जेम्स ड्यूअर याने घेतली. चहा गरम ठेवणाऱ्या थर्मासचे तत्त्व ज्याच्या निर्वात पात्रातून आले तोच हा ड्यूअर. डोळ्याभोवती मातीचे पाळे करून त्यात मिठाचे पाणी भरायचे आणि त्यात विद्युत्‌अग्र बुडवायचे, अशी त्याची रीत होती. त्या पाळ्यात डोळा उघडा ठेवून बसलेल्या माणसाच्या सोशिकपणाची नोंद इतिहासाने फारशी घेतलेली नाही. पुढे राग्नार ग्रानीत याने १९३३ साली या प्रतिसादाचे घटक वेगळे केले आणि १९६७ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आज या नोंदीला इलेक्ट्रोरेटिनोग्राम, थोडक्यात ईआरजी, म्हणतात.

लखलखाट दाखवला की ईआरजीमध्ये आधी एक खोलगट लहर उमटते, ती प्रकाशग्राही पेशींची. मागोमाग एक उंच लहर येते, ती मुख्यतः त्यांच्या पुढच्या टप्प्यातील द्विध्रुवी पेशींची. काचबिंदू ज्यांना मारतो त्या गँग्लिऑन पेशी त्यापुढच्या टप्प्यावर असतात. एका डोळ्यात त्यांची संख्या १० ते १२ लाख असते. त्यांचे तंतू एकत्र येऊनच दृष्टिचेता बनते. अडचण अशी की लखलखाटाच्या शेकडो मायक्रोव्होल्टच्या गदारोळात या पेशींचा आवाज हरवून जातो. म्हणून काचबिंदू बराच पुढे गेलेल्या डोळ्याचाही साधा ईआरजी जवळजवळ निरोगी दिसू शकतो.

या अडचणीवर निघालेला तोडगा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोह पाडील असा आहे. लखलखाटाऐवजी बुद्धिबळाच्या पटासारखा काळ्या-पांढऱ्या घरांचा पट पडद्यावर दाखवायचा आणि सेकंदाला सुमारे चार वेळा काळी घरे पांढरी व पांढरी घरे काळी करायची. पडद्यावरील एकूण उजेड तेवढाच राहतो. अर्धी घरे उजळतात, अर्धी विझतात. प्रकाशाच्या प्रमाणात सरळ कमी-जास्त होणारे प्रतिसाद एकमेकांना छेदून शून्यावर येतात. उरतो तो या वजाबाकीतून निसटलेला, सरळ प्रमाणात नसलेला भाग, आणि तो मुख्यतः गँग्लिऑन पेशींच्या कार्यावर अवलंबून असतो. १९८१ साली मफेई आणि फिओरेंतिनी या इटालियन संशोधकांनी मांजरांची दृष्टिचेता कापून याचा पुरावा दिला. गँग्लिऑन पेशी क्षीण होत गेल्या तसा पटाचा प्रतिसाद नाहीसा झाला; लखलखाटाचा प्रतिसाद जसाच्या तसा राहिला.

दुसरी वाट ह्यूस्टन येथील संशोधकांनी उघडली. सुरेश विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली माकडांवरील प्रयोगांतून दाखवले की, उजेडात घेतलेल्या लखलखाटी ईआरजीत उंच लहरीनंतर येणारा एक हलका उतार प्रायोगिक काचबिंदूत खालावतो, मुख्य लहरी तशाच असताना. या उताराला संक्षेपाने पीएचएनआर म्हणतात. निळ्या पार्श्वभूमीवर लाल लखलखाट दिला तर तो अधिक स्वच्छ दिसतो. २०१८ साली त्याच्या मापनाची आंतरराष्ट्रीय कार्यपद्धतीही प्रसिद्ध झाली.

आता बातम्यांना आधार देणारे पुरावे. मायामी येथील अभ्यासात काचबिंदूची शंका असलेल्या लोकांना अनेक वर्षे तपासले गेले. पटाच्या प्रतिसादात दहा टक्के घट होणे आणि चेतातंतूंच्या थराच्या जाडीत तेवढीच घट होणे यांत सुमारे आठ वर्षांचे अंतर पडते, असा अंदाज त्यातून २०१३ साली निघाला. त्याच गटाने २००५ मध्ये दाखवले होते की, आरंभीच्या अवस्थेत डोळ्यातील दाब औषधाने उतरवला तर काही डोळ्यांतील खालावलेला प्रतिसाद पुन्हा वर येतो. याचा अर्थ महत्त्वाचा आहे. मेलेल्या पेशींच्या आधी आजारी पेशींचा एक काळ असतो आणि तो वाया जाऊ न देणे शक्य आहे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे डोळ्यातील दाब वाढलेला, पण दृष्टिक्षेत्र शाबूत असलेल्या लोकांचा पाठपुरावा झाला. दृष्टिक्षेत्रात दोष उमटण्याच्या चार वर्षे आधी पटाच्या प्रतिसादावरून पुढे कोणाला आजार होणार हे ओळखता आले. संवेदनक्षमता ७५ टक्के आणि विशिष्टता ७६ टक्के. म्हणजे पुढे आजारी पडणाऱ्या १०० जणांतील ७५ जण चाचणीने पकडले आणि निरोगी राहणाऱ्या १०० जणांतील ७६ जणांना निरोगी म्हटले.

विज्ञान म्हणून हे सुंदर आहे. आता तेच आकडे नेत्रशिबिराच्या मांडवात नेऊन पाहावेत. भारतात चाळिशीपुढील लोकांत काचबिंदूचे प्रमाण सुमारे तीन टक्के धरले, तर १,००० माणसांच्या रांगेत ३० रुग्ण आणि ९७० निरोगी असतील. चाचणी ३० पैकी २२-२३ जणांना पकडील. पण ९७० निरोगी लोकांतील २४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे २३३ जणांनाही ती संशयित ठरवील. एकूण २५५ जणांच्या हातात ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ अशी चिठ्ठी पडेल आणि त्यांतील अकरांत एकालाच खरोखर आजार असेल. फ्रायबुर्गचे आकडे शिबिरातील लोकांवर काढलेले नाहीत, हे खरे. परंतु शंकाग्रस्त, निवडक लोकांवर, निष्णात प्रयोगशाळेत मिळालेली अचूकता मांडवात वाढेल असे मानायला काहीही आधार नाही. ती घटेल.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. देशात लाखो लोक निदानाविना असताना अकरांत एक सापडला तरी काय वाईट? पुढची तपासणी आहेच. हे उत्तर शहरातून दिले जाते. चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या किंवा त्याहून लांबच्या गावी जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी, बसचे भाडे, सोबतीला येणाऱ्या मुलाची किंवा सुनेची मजुरी, आणि बहुधा फील्ड टेस्टसाठी दुसरी तारीख. दहा जणांनी हे करून ‘काही नाही, घरी जा’ ऐकले, की अकरावा, ज्याला खरोखर आजार आहे, तो जातच नाही. गावात एकदा ‘मशीन उगाच घाबरवते’ अशी बोलवा झाली की पुढच्या शिबिराला त्याची किंमत मोजावी लागते. आणि ज्या सात-आठ रुग्णांना यंत्राने निरोगी म्हटले, त्यांचे काय? छापील कागदावर ‘सामान्य’ असा शेरा घेऊन गेलेला माणूस पुढची पाच वर्षे डोळे तपासायला येणार नाही. चाचणी न होण्यापेक्षा हे अधिक धोक्याचे आहे.

भारतीय परिस्थितीत याहून एक खोल अडचण आहे, आणि तिच्याविषयी उत्साही बातम्यांत अवाक्षर नसते. पटाचा प्रतिसाद मिळण्यासाठी पटाची स्वच्छ प्रतिमा दृष्टिपटलावर पडावी लागते. चष्म्याचा नंबर चुकीचा असेल, बाहुली औषधाने विस्फारलेली असेल किंवा डोळ्यात मोतीबिंदू असेल, तर काळ्या-पांढऱ्या घरांच्या कडा पुसट होतात, विरोध घटतो आणि प्रतिसाद खालावतो. गँग्लिऑन पेशी ठणठणीत असल्या तरीही. ज्या देशात साठीच्या आसपासच्या डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात ही नित्याची बाब आहे आणि असंख्य लोक चुकीच्या नंबरचा किंवा मुळीच नसलेला चष्मा घेऊन वावरतात, तेथे हे यंत्र काचबिंदू मोजते आहे की मोतीबिंदू, हे कसे ठरवणार? या बाबतीत पीएचएनआरची बाजू अधिक भक्कम आहे. त्याला पटाची प्रतिमा लागत नाही; सगळ्या दृष्टिपटलावर सारखा पसरलेला प्रकाश पुरतो आणि चष्म्याच्या नंबराशी त्याला कर्तव्य नसते. पापणीखालच्या त्वचेवर चिकटपट्टीसारखे विद्युत्‌अग्र लावून, बाहुली न विस्फारता हा प्रतिसाद घेणारी हाती यंत्रेही आता उपलब्ध आहेत. भारताला एका पर्यायावर अधिक पैसा लावायचा असेल तर तो पीएचएनआरवर लावावा. तरीही त्यात एक खोट आहे: एकाच डोळ्याची आजची आणि पुढच्या आठवड्याची नोंद पुष्कळदा लक्षणीय फरकाने वेगळी येते, आणि त्वचेवरून घेतलेला संकेत डोळ्यावरून घेतलेल्यापेक्षा बराच दुबळा असतो.

संकेत किती दुबळा, याची कल्पना हृदयाच्या ईसीजीशी तुलना केल्यावर येते. ईसीजीतील उंच टोक साधारण एक मिलिव्होल्टचे असते. पटाचा प्रतिसाद असतो दोन ते आठ मायक्रोव्होल्टचा. चार धरला तर ईसीजीच्या अडीचशेव्या हिश्श्याएवढा. पापणी लवली, जबडा आवळला, गिळले, तरी स्नायूंची वीज त्याच्या कितीतरी पट मोठी उमटते. भिंतीतील वायरींमधून ५० हर्ट्झची गुणगुण सतत आत शिरत असते, आणि अर्थिंग धड नसलेल्या इमारतीत तिला आवरणे हा स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. उपाय एकच, सरासरी. शंभराहून अधिक प्रतिसाद एकावर एक रचायचे. मात्र गोंगाट कमी होतो तो नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाने. शंभर नोंदी घेतल्या तर तो दहापट घटतो. आणखी निम्मा करायचा तर चारशे लागतात. तेवढा वेळ सत्तरीतील माणसाने, डोळ्यात केसाहून बारीक धातुलेपित धागा घालून, पडद्याच्या मध्यबिंदूवर नजर खिळवून, न कंटाळता बसायचे. या क्षेत्रातील तंत्रज्ञाचे खरे कौशल्य यंत्र चालवण्यात नसते, त्या माणसाला धीर देत बसवण्यात असते. ते कौशल्य कोणत्याही प्रणालीच्या किमतीत धरलेले दिसत नाही.

पडद्याचीही एक कथा आहे. ही चाचणी घडली आणि तिची मानके ठरली ती जुन्या काचनळीच्या पडद्यांवर. आता ते बाजारातून गेले. आजच्या एलसीडी पडद्यात काळ्याचे पांढरे होणे आणि पांढऱ्याचे काळे होणे या दोन क्रियांना सारखाच वेळ लागत नाही. त्यामुळे पट उलटताना एकूण उजेड क्षणभर हलतो. त्या हलण्याला डोळा लखलखाटासारखा प्रतिसाद देतो आणि ज्या वजाबाकीवर सारी पद्धत उभी आहे तीच बिघडते. योग्य पडदा निवडून यावर मात करता येते. पण स्वस्त यंत्र बनवण्याच्या शर्यतीत जो घटक पहिल्यांदा स्वस्त केला जातो तो पडदाच असतो.

आणि मग प्रमाणित मूल्यांचा प्रश्न. वाढत्या वयानुसार निरोगी माणसाचाही प्रतिसाद खालावतो. म्हणून आंतरराष्ट्रीय मानके प्रत्येक प्रयोगशाळेला आपल्या यंत्रावर, आपल्या लोकसंख्येतील निरोगी माणसे तपासून, वयानुसार स्वतःच्या मर्यादा ठरवायला सांगतात. हे काम कष्टाचे, वेळखाऊ आणि शोधनिबंधाच्या दृष्टीने अळणी आहे. ते टाळून यंत्रासोबत आलेल्या परदेशी मर्यादांवर भारतीय डोळ्यांचा निवाडा करणे ही गणिती चूक तर आहेच, आणि रुग्णाच्या बाजूने पाहिले तर ती हयगय आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्न सुटत नाही. शिकवणीला वापरलेल्या नोंदींतील पूर्वग्रह ती अधिक आत्मविश्वासाने पुढे पोहोचवते.

मग हे तंत्र निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. त्याची जागा वेगळी आहे. वरचेच आकडे आता मोठ्या नेत्ररुग्णालयातील अशा लोकांवर लावावेत, ज्यांचा दाब वाढलेला आहे, दृष्टिचेतेचे मुख संशयास्पद दिसते किंवा ज्यांच्या आई-वडिलांना, भावंडांना काचबिंदू आहे. अशा १,००० जणांतील ३०० जण पुढे आजारी पडणार असे समजू. चाचणी २२५ जणांना अचूक पकडील आणि ७०० निरोगी लोकांतील १६८ जणांना चुकून संशयित म्हणेल. आता चिठ्ठी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक खरे रुग्ण असतील. यंत्र तेच, आकडे तेच. माणसे निवडली म्हणून चाचणीचे मोल बदलले. त्यातही एकच नोंद घेऊन परक्या सरासरीशी तुलना करण्यापेक्षा त्याच डोळ्याची दर सहा महिन्यांची किंवा वर्षाची नोंद त्याच्याच मागच्या नोंदीशी ताडणे अधिक विश्वासार्ह. ज्या रुग्णापुढे ‘थेंब आजपासून जन्मभर, की थोडे थांबावे?’ हा प्रश्न आहे, त्याच्यासाठी असा एक जास्तीचा पुरावा मोलाचा ठरतो. काचबिंदूचे थेंब दर महिन्याला विकत घ्यावे लागतात आणि त्यांनी दृष्टी सुधारलेली कधीच जाणवत नाही. कारणाशिवाय ते सुरू करणे आणि कारण असून ते न सुरू करणे, दोन्हीची झळ मोठी आहे.

दुसरी जागा औषधांच्या चाचण्यांची. काचबिंदूवरील आजचे सर्व सिद्ध उपचार डोळ्यातील दाब कमी करतात. चेतापेशींना थेट बळ देणारे औषध अजून सिद्ध व्हायचे आहे. त्याच्या चाचण्या दृष्टिक्षेत्राच्या भरवशावर करायच्या तर अनेक वर्षे थांबावे लागते. २०२० साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निकोटिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाची चाचणी ५७ रुग्णांवर प्रसिद्ध केली. प्रत्येकी बारा आठवडे खरे औषध आणि बारा आठवडे बनावट गोळी. मापनासाठी पीएचएनआर. नेहमीच्या चढउतारापलीकडची सुधारणा औषधावर २३ टक्के आणि बनावट गोळीवर ९ टक्के लोकांत दिसली. हा आशेचा धागा आहे, उपचार नव्हे. दृष्टी वाचते की नाही हे मोठ्या आणि दीर्घ चाचण्यांनीच ठरेल. मोठ्या मात्रेतील या जीवनसत्त्वाने यकृताला इजा होऊ शकते, तेव्हा ही ओळ वाचून औषधाच्या दुकानाकडे वळण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की, काही महिन्यांत पेशींच्या कार्यातील बदल दाखवणारे साधन हाती असल्यामुळे असा प्रश्न विचारता तरी आला. या कामासाठी भारतातील मोठ्या नेत्रसंस्थांकडे रुग्णसंख्या, तज्ज्ञ आणि यंत्रे, तिन्ही आहेत.

राहिला शिबिरांचा आणि गावोगावच्या निदानाचा प्रश्न. त्याचे उत्तर मायक्रोव्होल्टमध्ये नाही. मराठीत जवळच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात; भाषेने या वयाची खूण स्वतःच करून ठेवली आहे. काचबिंदूची भीती वाढू लागते तेही याच वयापासून. चाळिशीचा चष्मा घ्यायला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी जातो, आणि त्यातले बहुतेक जण दुकानातून, फारतर नंबर काढून, तसेच परततात. त्या एका भेटीत डोळ्यातील दाब पाहिला गेला, दृष्टिचेतेच्या मुखाचे छायाचित्र घेतले गेले आणि घरात कोणाला काचबिंदू आहे का एवढे विचारले गेले, तर कोणत्याही नव्या विद्युत्‌यंत्रापेक्षा अधिक रुग्ण हाती लागतील. मोतीबिंदूच्या शिबिरातही पुष्कळ ठिकाणी बिंदू पिकला का तेवढेच पाहिले जाते; मागची नस पाहायला वेळ नसतो. हे काम बातमीच्या मथळ्यात बसत नाही, म्हणून त्याला निधीही सहज मिळत नाही.

निधीचे नाव निघालेच आहे तर एक विसंगती नोंदवायला हवी. भारतात उपकरण बनवण्याची क्षमता आहे. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबने १९९२ पासून डोळ्यात बसवायची भिंगे एवढी स्वस्त केली की मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे अर्थकारणच पालटले. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत वापरायची निचरा-नळीही तेथे अल्प किमतीत बनते. चार मायक्रोव्होल्ट टिपणारा प्रवर्धक बनवणे देशातील कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आवाक्यातील काम आहे. जे नाही ते निराळे. काचबिंदू दहा-पंधरा वर्षांत उलगडतो आणि संशोधन प्रकल्पांना अनुदान मिळते ते साधारण तीन वर्षांचे. तीन वर्षांत यंत्र बनते, शोधनिबंध येतो, बातमी येते. यंत्राने संशयित ठरवलेल्या माणसाची दृष्टी पुढे खरोखर गेली की नाही, हे पाहण्याआधी प्रकल्प संपतो, सहायक संशोधक दुसरीकडे नोकरीला लागतो आणि नोंदी कोणाच्या तरी जुन्या संगणकात पडून राहतात. चाचणीचे भाकीत खरे ठरले की खोटे, हे सांगणारा एकमेव पुरावा त्या न झालेल्या पाठपुराव्यात असतो.

अनुदान देणाऱ्या संस्थांनी नव्या यंत्रांच्या प्रस्तावांतील काही भाग बाजूला काढून चार-पाच नेत्रसंस्थांत मिळून एकच कार्यपद्धती, एकाच प्रकारचे विद्युत्‌अग्र, तपासून घेतलेला एकच पडदा आणि दहा वर्षांचा पाठपुरावा एवढ्यासाठी द्यावा. त्यात निरोगी माणसांच्या वयानुसार नोंदी आधी घ्याव्यात, मोतीबिंदूची श्रेणी प्रत्येक नोंदीसोबत लिहावी, आणि निष्कर्षांचे आकडे तेवढे न ठेवता कच्चे आलेख जपावेत. पहिल्या वर्षी घेतलेला आलेख दहाव्या वर्षी सापडला पाहिजे, आणि त्याच डोळ्याचा, त्याच अंतरावरून, त्याच रीतीने घेतलेला दुसरा आलेख त्याच्या शेजारी ठेवता आला पाहिजे.